साहेब बोलले म्हणजे सरकार बोललं नाही

माझ्या शेडला भिंती तीनच होत्या. चौथी बाजू कचेरीकडे उघडी. त्या बाजूने धूर बाहेर जायचा आणि कचेरीतल्या गोष्टी आत यायच्या. धूर गेला, गोष्टी राहिल्या. आता त्या इतक्या साचल्यात की एक सांगायला घेतली की मागून दुसरी ढकलते, मला आधी सांग म्हणते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकू. मी चौथी पास आहे. अक्षर मोठं येतं, पण वाचता येतं.

कचेरी पनवेलची. रस्त्यांची आणि पुलांची कामं बघणारी, सरकारी. खात्याचं नाव लिहीत नाही, साहेबांचीही नाही. त्यांची मुलंबाळं अजून इथेच बाजारात भेटतात, आणि मला कुणाच्या तोंडाला तोंड द्यायचा कंटाळा नसला तरी भाजी घेताना नको वाटतं.

मी मूळची ओवे गावची, पनवेलात दिलेली. नवरा दम्याने घरी बसलेला, पदरात तीन पोरं. कचेरीच्या आवारात मी चहा, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं विकायची. घर चालायचं ते त्या शेडवर. शेड उठली असती तर आम्ही पाच जण उठलो असतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कुणाशी का भांडले ते विचारायला नको.

आणि हेडक्लार्क अष्टमकर कोण तेही सांगते, कारण ते सगळीकडे येणार. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. घरात आमच्यासारखीच मराठी, फक्त शनिवार आला की त्यांचा जीव कचेरीत रमायचा नाही. बारीक अंगाचे, काळ्या टोपीचे. कायदा त्यांना असा पाठ की वकील त्यांना विचारून मग पक्षकाराकडे जायचे. आता ते बायकोमुलांना घेऊन बोटीने तिकडे त्यांच्या देशात गेले. अजून पत्र येतं. खाली पूर्ण सही, तारीख, आणि हुद्द्याच्या जागी 'निवृत्त'.

*

शेड कशी झाली ते आधी.

सुरुवातीला मी टोपली घेऊन यायची आणि चिंचेखाली बसायची. तेव्हाचे साहेब, म्हणजे मी पाहिलेले पहिले, मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. एकदा भर दुपारी मला घाम पुसताना त्यांनी पाहिलं आणि व्हरांड्यातून ओरडले, "बाई, उन्हात काय बसता? तो पूर्वेचा कोपरा रिकामा पडलाय, तिथे शेड घाला!"

मी कशाला थांबते! दुसऱ्याच दिवशी माझा भाऊ ओव्याहून बैलगाडीभर वासे घेऊन आला. चार दिवसांत खांब उभे, वर पत्रे. पाचव्या दिवशी चूल पेटवली आणि पहिला चहा अष्टमकरांना दिला. त्यांनी कप घेतला, पत्र्यांकडे बघितलं, एका खांबाला हात लावून हलतो का ते बघितलं.

"कागद?"

मी म्हटलं, कसला कागद? साहेबांनी सांगितलं.

"साहेबांनी सांगितलं ते मी ऐकलं. अर्ध्या पनवेलने ऐकलं. सरकारने सांगितलं का?"

मला हसू आलं. साहेब वेगळे आणि सरकार वेगळं असतं होय? तर त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. सरकारने कुणाला जागा द्यायची, काम द्यायचं, माल घ्यायचा, काहीही करायचं तर कागद राज्यपालांच्या नावाने लागतो. आणि खाली सही लागते ती ज्याला तशी सही करायचा हुकूम आहे त्याचीच. दुसऱ्या कुणी कितीही मोठ्या खुर्चीत बसून हो म्हटलं तरी ते त्या माणसाचं हो.

"साहेब बोलले म्हणजे सरकार बोललं नाही, अनसूयाबाई."

"मग साहेब बोलतात ते काय?"

"हवा." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "चहा चांगला झालाय. हे मात्र मी माझ्या अधिकारात बोलतोय."

*

दगडू शिपाई होता. त्याच्याकडे धड कपडा एकच, कचेरीचा. खाकी डगला, खांद्यावरून लाल पट्टा, त्यावर पितळी बिल्ला. मावसबहिणीचं लग्न ओव्याला लागलं, तर हा तोच घालून गेला.

पट्टा बघून गावाने त्याला नवरदेवाच्या बापाआधी पाट दिला. पहिल्या पंगतीत बसवला, आग्रह करकरून वाढलं. हात धुतल्यावर म्हाताऱ्यांनी हळूच विषय काढला की गावची विहीर ढासळलीय, सरकारच्या मनात काय आहे? पोट भरलेलं, चार माणसं हात जोडून उभी. असं सुख दगडूला जन्मात मिळालं नव्हतं. तो म्हणाला, "होऊन जाईल. सोमवारी या."

सोमवारी गाव आलं. चाळीस माणसं, आणि पुढे कोण तर माझा सख्खा भाऊ!

साहेब व्हरांड्यात आले. विहीर आमच्या खात्याकडे येतच नाही, तुम्हाला कुणी सांगितलं म्हणाले.

"सरकारनी," भाऊ म्हणाला.

"कुठल्या सरकारने?"

"लाल पट्ट्याच्या."

दगडू तेव्हा माझ्या पिठाच्या डब्यामागे बसला होता. मी त्याला कानाला धरून बाहेर काढला. माझं माहेर फसवतो म्हणजे काय! अष्टमकर पुढे झाले आणि लोकांना शांतपणे म्हणाले की बाबांनो, पट्टा सरकारचा होता, पण तोंड दगडूचं होतं. सरकार त्या तोंडाला बांधलेलं नाही.

माझा भाऊ शाळेत गेलेला नाही. तो जरा विचार करून म्हणाला, "मंग सायेब, पट्टा घरी ठेवून तोंड पाठवा, नाय तं तोंड घरी ठेवून पट्टा पाठवा. दोन्ही एका अंगावर आलं तं आमाला कसा कलनार?"

अष्टमकरांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्या दिवसापासून साडेपाच वाजले की पट्टा कचेरीतल्या खिळ्याला.

*

आता दगडांची गोष्ट. उरणचे एक नाखवा होते. मच्छीमारी त्यांनी भावांना दिली होती, स्वतः मचव्यातून दगड, वाळू, चुना पनवेल बंदरात आणून कचेरीला पुरवायचे. गळ्यात सोन्याची साखळी आणि मनात कुणाचं भय नाही.

आवाराच्या भिंतीचं काम चाललं होतं. ओव्हरसियर गुप्ते तिथे उभे. गुप्त्यांचा स्वभाव असा की समोरच्याला नाही म्हणायचं झालं की त्यांना घाम फुटायचा. ते नाखव्यांना म्हणाले, आणखी दहा गाड्या दगड आणा, कमी पडणार. नाखव्यांनी विचारलं, लिहून देताव काय? गुप्ते छाती पुढे काढून म्हणाले, "आणा हो, मी आहे ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आत दहा गाड्या आल्या. गुप्त्यांनी घाईघाईत हात केला, इथेच टाका. टाकले ते बरोबर फाटकाच्या तोंडात! आत साहेबांची जीप.

साहेब आले, ढिगावर चढून उभे राहिले, कागद मागवले. मंजुरी पहिल्याच दगडांची होती, ते येऊन पडले होते. साहेब म्हणाले, हे माझ्या कागदात नाहीत, म्हणजे आपले नाहीत. गुप्ते, तुम्हाला माल मागवायचा अधिकार नाही. नाखवा, उचला तुमचे दगड, मला अलिबागला मीटिंगला जायचंय.

नाखवा माझ्याकडे चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही.

"कुनाचे दगड म्हनलाव, सायेब?"

"तुमचे."

"माजेच ना? सरकारचे नायत ना? मंग बसूद्या त्यांना. काल उरनहून आलंत, दमलंत."

साहेब ढिगावरून उतरले आणि पायी एस्टी स्टँडवर गेले. अलिबागची मीटिंग त्यांनी उभ्याने प्रवास करून गाठली.

दगड तसेच पडून राहिले. नुसती जीप जाईल एवढी वाट नाखव्यांनी दोन दिवसांनी करून दिली, तीही मी सांगितलं म्हणून. पुढे श्रावणात नवी भिंत एका अंगाने बसली. घाईघाईत गुप्त्यांच्या माणसांनी त्याच ढिगातले दगड उचलून ती पुन्हा बांधली. कुणी कुणाला विचारलं नाही.

नाखवा आले. ढीग गायब, दोनच मोठे धोंडे शिल्लक. ते भिंतीपाशी गेले आणि एकेका दगडाला हात लावत सुटले. "ह्यो माजा. ह्यो बी माजा. ह्येला तं मी नावानं वलखतो." मग अष्टमकरांकडे वळून म्हणाले, आता काय म्हनतंय तुमचं सरकार?

मला वाटलं अष्टमकर पुन्हा तेच सांगणार, गुप्त्यांचा शब्द सरकारला लागू नाही. ते म्हणालेच तसं. पण पुढे म्हणाले, "शब्द लागू नाही. वापरलेलं मात्र लागू. माल घरात घेऊन तो कामाला लावला, तर फुकट खायचा हुकूम सरकारलाही नाही." आणि स्वतः बसून त्यांनी नाखव्यांना अर्ज लिहून दिला. नाखव्यांचं काय ते त्यांना मिळालं.

उरलेले दोन धोंडे नाखव्यांनी माझ्या शेडपुढे आणून ठेवले. गिऱ्हाइकाला बसायला. ते अजून तसेच थंड असतात.

*

दगडांनी गुप्त्यांना अशी अद्दल घडवली की ते कशालाच हो म्हणेनासे झाले. आणखी चहा देऊ का विचारलं तरी इकडेतिकडे बघायचे. म्हणून पुढचं घडलं.

त्यांच्या थोरल्या मुलीला महाडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाचे मामा एस्टीतून उतरले ते थेट माझ्या शेडपाशी आले. भरदार मिशा, जरीची टोपी, हातात काठी. गुप्त्यांना बोलावून घेतलं आणि बसल्या बसल्या जाहीर केलं, मुलगी पसंत आहे, होकार समजा, तयारीला लागा.

दुसरा बाप असता तर तिथेच पाया पडला असता. गुप्त्यांना घाम फुटला. पण ते म्हणाले, "मुलाच्या वडिलांचं पत्र आणलंय?"

मामा म्हणाले, पत्र कशाला? मी मामा आहे!

"मामा आहात ते दिसतंय. होकार द्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? वडिलांच्या सहीचं काही?"

मिशा थरथरल्या. काठी आपटली. असला मुलीचा बाप जगात बघितला नाही म्हणत मामा आल्या एस्टीने परत गेले. गुप्त्यांच्या बायकोने दोन दिवस नवऱ्याला जेवायला वाढलं नाही, ते माझ्याकडे येऊन जेवले. मीही त्यांना चार शब्द सुनावले. म्हटलं, घर म्हणजे काय कचेरी आहे?

पंधरा दिवसांनी कळलं की त्याच दौऱ्यात मामा पेणला एक आणि पनवेलात दुसरीकडे एक, असे आणखी दोन होकार देऊन गेले होते. मुलाच्या वडिलांना तिन्हींचा पत्ता नव्हता!

गुप्ते पेढे घेऊन आले. पहिला पेढा देवाला नाही, अष्टमकरांना.

*

मग पहिल्या साहेबांची बदली झाली आणि मी शहाणी व्हायला निघाले. ठरवलं की जायच्या आधी त्यांच्याकडून शेडचं लिहून घ्यायचं. दोन ओळी का होईना, सही का होईना.

पण आमच्याकडची रीत अशी की उपाशी माणसापुढे कामाचं बोलायचं नाही. आधी जेवू घालायचं, मग मागायचं. नाखव्यांनी मुद्दाम मोठा जिताडा आणून दिला. मी कालवण केलं, तुकड्या तळल्या, भाकऱ्या पापुद्रा सुटेल अशा थापल्या. साहेब शेडमध्येच पाटावर बसले, अगदी घरच्यासारखे. तुकडीवर तुकडी. मी वाढत राहिले. हात धुऊन सुपारी तोंडात गेल्यावर कागद पुढे केला. साहेबांनी एका दमात लिहिलं: 'बाईंची शेड आहे तिथेच राहावी.' खाली ऐसपैस सही. मला म्हणाले, आता कुणाची भीती नाही.

जीप गेली. मी कागद नाचवत अष्टमकरांकडे गेले. त्यांनी तो वाचला, खिशातलं घड्याळ काढलं, मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची झाली होती.

"साहेबांनी चार्ज किती वाजता दिला, ठाऊक आहे?"

मी म्हटलं, मला कसं ठाऊक असणार?

"मला आहे, रिपोर्ट मीच लिहिला. अकरा वाजता. ही सही झाली दोनला. अकरा वाजल्यापासून इथे साहेब नव्हते, अनसूयाबाई. जेवत होते ते एक गृहस्थ."

मी धोंड्यावर बसले. म्हटलं, आधी सही घेऊन मग वाढलं असतं तर?

"तर निदान सही साहेबांची झाली असती. जागा द्यायचा अधिकार त्यांना तरीही नव्हताच."

"म्हणजे जिताडा फुकट गेला."

"असं कसं? गृहस्थांनी आवडीने खाल्ला."

*

नवे साहेब आले ते थर्मास घेऊन. स्वतःचा चहा, स्वतःचा डबा. आवाज कधी चढला नाही. प्रत्येक कागद वाचून सही करायचे आणि वाचता वाचता पेन्सिलीने ओळ मोजायचे. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आल्या आल्या त्यांनी आवारातल्या प्रत्येक वस्तूची यादी करायला सांगितली. कुंड्या किती, बाकं किती, पिंपं किती. यादीत शेवटी मी आले. 'पूर्वेकडील कोपऱ्यात एक शेड, एक स्त्री, एक चूल.' साहेबांनी विचारलं, हिचा कागद?

आठवड्याने गुप्ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. घाम आलेला. हातात नोटीस. सात दिवसांत शेड काढून जागा मोकळी करावी.

मी हात पदराला पुसले आणि नोटीस वाचायला घेतली. मी हळू वाचते, ओळीखाली बोट धरून, पण शेवटपर्यंत वाचते. गिऱ्हाइकं भाकरी हातात धरून थांबली. शेवटच्या ओळीपाशी माझं बोट थांबलं.

"ही सही कुणाची?"

"माझी, मावशी. वर 'साहेबांकरिता' लिहिलंय बघा. ते दौऱ्यावर होते, मला म्हणाले तू सही करून देऊन टाक."

"लिहून दिलं होतं?"

गुप्त्यांनी रुमालाने मान पुसली.

"म्हणजे तोंडी म्हणाले."

"...तोंडी."

धोंड्यावर बसलेले नाखवा असे हसले की त्यांच्या कपातला चहा बशीत आणि बशीतला धोतरावर! मी नोटीस घडी करून मसाल्याच्या डब्याखाली ठेवली आणि गुप्त्यांना म्हटलं, बसा, भाकरी खाऊन जा. तुमचा दोष नाही.

*

पण हे काही हसून मिटणार नव्हतं. साहेब दौऱ्यावरून आले आणि त्यांनी मला आत बोलावलं.

कचेरीच्या आत मी त्या दिवशी पहिल्यांदा गेले. आठ वर्षं चहा आत जायचा, मी नाही. साहेब म्हणाले, बसा. मी उभीच राहिले. ते म्हणाले, गुप्त्यांची सही चालणार नाही हे तुमचं बरोबर आहे, उद्या मी स्वतः सही करून देतो. पण मला सांगा, इथे शेड घालायला तुम्हाला कुणी सांगितलं?

"तुमच्या आधीच्या साहेबांनी."

"त्यांना तो अधिकार नव्हता."

"तेव्हा मला कुठे माहीत होतं? खुर्ची तीच, टेबल तेच, बाहेर लाल पट्टेवाला तोच. ज्याच्या 'हो'वर मी घर उभं केलं त्याला हो म्हणायचा अधिकार नव्हता, हे मला खांब रोवायच्या आधी कुणी सांगितलं? आणि आठ वर्षं तुमची कचेरी रोज दुपारी कुठे जेवली?"

साहेब म्हणाले, तुमची अडचण मला समजते. पण नियम आहे.

"असू दे ना. मग नियमानेच उठवा. तुमच्या नोटिशीत नीट लिहा, ही जागा कुणाची, ती तुमच्या ताब्यात कुठल्या कागदाने आली, आणि मला उठवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला. मी ते वाचीन. बरोबर असलं तर सात दिवस कशाला, दुसऱ्या दिवशी पत्रे काढीन."

अष्टमकर कोपऱ्यात फाईल चाळत होते. वर बघितलं नाही. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं रीतसर आहे." त्यांनी लगेच जमिनीचं दप्तर ठेवणाऱ्या कचेरीला पत्र लिहायला सांगितलं, आवाराच्या कागदाची नक्कल पाठवा म्हणून.

त्या दिवशी अष्टमकर चहाला आले तेव्हा मी त्यांना धरलं. आता माझं काय होईल ते सांगा. ते म्हणाले, मी सरकारचा नोकर आहे, सरकारविरुद्ध सल्ला मला देता येत नाही. मग कप संपवला, आणि उठताना चिंचेकडे बघत, जणू चिंचेलाच सांगताहेत असं म्हणाले, "नक्कल यायला वेळ लागेल. मी बारा वर्षं या कचेरीत आहे. तो कागद मी कधी पाहिलेला नाही."

मला त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं ते नुसतं कुठे ठेवलाय ते विसरलेत.

महिना गेला. खोटं कशाला सांगू, त्या महिन्यात माझ्या भाकऱ्या जाड होत होत्या. नवरा विचारायचा, काही कळलं का? मी म्हणायची, खोकून घ्या आणि झोपा. भाऊ ओव्याहून आला, म्हणाला, "ताय, पत्रे उतरवून ठेवू काय? पाडले तं वाकतील." मी त्याला शिव्या घालून पाठवला. आणि तो गेल्यावर खांबाला हात लावून बघितला, अष्टमकरांनी बघितला होता तसा. हलत नव्हता.

एका सकाळी दगडू लाखेच्या शिक्क्याचं पाकीट घेऊन आत गेला. कचेरी एकदम शांत झाली. टाईपरायटर थांबला. थोड्या वेळाने अष्टमकर बाहेर आले, चेहऱ्यावर काही नाही. मला म्हणाले, एक चहा करा, साखर जरा जास्त. मी विचारलं, तुम्हाला? ते म्हणाले, "मला नको. साहेब येताहेत."

साहेब खरंच आले. थर्मास नव्हता. आले आणि नाखव्यांच्या धोंड्यावर बसले. पत्र माझ्यापुढे धरलं. म्हणाले, तुम्ही म्हणाला होता, वाचीन.

मी बोट धरून वाचलं. लिहिलं होतं की सदर आवार आपल्या खात्याकडे दिल्याचा कोणताही आदेश दप्तरी आढळत नाही. लढाईच्या दिवसांत त्या वेळच्या प्रांतसाहेबांनी आपल्या कचेरीला तेथे बसण्यास तोंडी सांगितल्याचे दिसते. त्यांना तसा अधिकार नव्हता. आपली कचेरी तेथे कोणत्या अधिकाराने आहे, याचा खुलासा करावा.

मी पत्र परत दिलं. साहेब म्हणाले, "ती नोटीस आहे का तुमच्याकडे?" मी मसाल्याच्या डब्याखालून काढून दिली. तिला हळदीचा डाग पडला होता. त्यांनी तिच्या चार घड्या केल्या आणि खिशात घातली. मग चहा घेतला.

"बाई, तुम्ही आठ वर्षं कागदाशिवाय कशी काढलीत?"

मी म्हटलं, "रोज कुणी यायच्या आधी येऊन चूल पेटवली."

साहेबांनी मान हलवली, कप धोंड्यावर ठेवला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी दगडू नेहमीसारखा कुलूप उघडायला आला, तर साहेब त्याच्या आधीच कचेरीच्या दारात उभे होते.